मिरकरवाड्याच्या खाऱ्या वाऱ्यात झाडे निवडताना

प्रकाशसंश्लेषणाची मूळ क्रिया सगळ्या हिरव्या वनस्पतींत एकच असते. प्रकाशाच्या बळावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते, ऑक्सिजन बाहेर पडतो. जातीजातींत फरक असतो तो कार्बन डायऑक्साइड केव्हा घ्यायचा, कुठे साठवायचा आणि तो घेताना किती पाणी गमवायचे, यात. पानाच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म पर्णरंध्रे उघडली तरच हवा आत येते. पण त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४२० भाग असतो. इतक्या विरळ वायूसाठी दार उघडे ठेवणे पानाला नेहमीच महाग पडते, आणि किती महाग पडेल हे ऊन, वारा, ओल आणि मीठ यांवर ठरते.

रत्नागिरीत मिरकरवाडा हे ठिकाण या चारही गोष्टींचा हिशेब पाहण्यासाठी सोयीचे आहे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी मासेमारी बंदर आणि दाटीवाटीची वस्ती, दक्षिणेला भाट्याची खाडी आणि सुरूचे बन, उत्तरेला मिऱ्या, वर जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचे पठार. थोड्या अंतरात खारी वाळू, चिखल, कातळ आणि सावलीतले परसू अशा वेगवेगळ्या जमिनी येतात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे ऑक्टोबर ते मे प्रकाश भरपूर आणि पर्णरंध्रे उघडी ठेवण्याची चैन परवडत नाही. जून ते सप्टेंबर पाणी भरपूर आणि प्रकाश अपुरा. इथे झाड निवडताना ‘ऊन किती येते’ हा एकच प्रश्न विचारला तर निवड हमखास चुकते. आठ महिने ऊन कोणत्याच झाडाला कमी पडत नाही. त्या उन्हाचा उपयोग करून घेण्यासाठी रंध्रे किती वेळ उघडी ठेवता येतात, ते पाहावे लागते.

तीन पद्धती

बहुतेक झाडे ज्या पद्धतीने काम करतात तिला सी-३ म्हणतात, कारण कार्बन पकडल्यावर तयार होणाऱ्या पहिल्या पदार्थात कार्बनचे तीन अणू असतात. आंबा, काजू, नारळ, सुपारी, फणस, कोकम, भात, कुळीथ, वांगी, मिरची, टोमॅटो, सगळ्या वेलभाज्या आणि खाडीतली तिवरे ही सगळी सी-३ आहेत. यांच्यात कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर थेट करते. या विकराची एक खोड आहे: कार्बन डायऑक्साइडऐवजी ते अधूनमधून ऑक्सिजनच पकडते, आणि मग ती चूक निस्तरण्यात ऊर्जा आणि आधी मिळवलेला कार्बन दोन्ही खर्ची पडतात. याला प्रकाशश्वसन म्हणतात. पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास या खर्चात कमाईचा साधारण चौथा हिस्सा जातो. तापमान चढले किंवा रंध्रे मिटल्यामुळे पानाच्या आतला कार्बन डायऑक्साइड घटला, की तोटा आणखी वाढतो.

ऊस, मका, नाचणी, वरी, माठ, तांदुळजा आणि परसातले हट्टी तण, म्हणजे हरळी, लव्हाळा, यांनी या तोट्यावर उपाय काढला आहे. ही सी-४ झाडे. ती आधी दुसऱ्या एका विकराच्या मदतीने कार्बन पकडून त्याचे चार कार्बनचे आम्ल करतात, ते पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत ढकलतात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा करून रुबिस्कोभोवती त्याची दाटी करतात. ऑक्सिजनला मग संधीच मिळत नाही. हवाईमध्ये कोर्टशाक आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६५-६६च्या सुमारास उसाच्या पानांवर केलेल्या कामातून ही पद्धत उलगडली. सी-४ पानाला रंध्रे अर्धवट मिटूनही काम चालवता येते, रुबिस्को कमी लागत असल्याने नत्रही कमी लागते. मात्र ढकलाढकलीची किंमत असते: कार्बनचा एक रेणू बसवायला सी-३ झाडाला एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे ३ रेणू लागतात, तर सी-४ झाडाला ५. प्रकाश मुबलक असेल तर हा जादा खर्च जाणवत नाही. सावलीत तो लगेच अंगावर येतो. अंगणातल्या आंब्याखाली हरळी विरळ होत जाते त्यामागे हे एक कारण आहे.

तिसरी पद्धत कॅम नावाने ओळखली जाते. हिच्यात रंध्रे रात्री उघडतात, कार्बन आम्लाच्या रूपाने पेशीत साठतो आणि दिवसा दारे मिटून, आतल्या आत, त्या साठ्यावर प्रकाशसंश्लेषण चालते. पानफुटी, कोरफड, फड्या निवडुंग, घायपात, अननस, ड्रॅगनफ्रूट आणि झाडांच्या फांद्यांवर वाढणारी जाड पानांची बरीच आमरी या गटातली. पाण्याच्या हिशेबात फरक मोठा आहे. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी सी-३ पान पाण्याचे साधारण चारशे ते पाचशे रेणू गमावते, सी-४ पान अडीचशेच्या आसपास आणि कॅम पान पन्नास ते शंभर. वाढ मात्र त्याच प्रमाणात संथ असते. रात्री साठवलेले आम्ल संपले की दिवसाची कमाई संपते, म्हणून कॅम झाडाकडून भरघोस वाढीची अपेक्षा ठेवू नये.

पाहून आणि तपासून कसे ओळखावे

कॅमची एक जुनी खूण भारतातच चवीवरून सापडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी मद्रास इलाख्यात पानफुटीची पाने चाखली. सकाळी ती आंबट लागत, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू. त्यांचे हे टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये छापले. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात, म्हणून हेन यांचा प्रयोग जिभेवर करू नये. लिटमस किंवा पीएच कागद पुरेसा आहे. एकाच झाडाचे एक पक्के, जाड पान उजाडण्यापूर्वी तोडून ठेचावे आणि रस कागदाला लावावा. त्याच झाडाचे तसेच दुसरे पान सूर्यास्ताच्या सुमारास. पहाटेचा रस ठळक आम्ल दाखवतो, संध्याकाळचा सौम्य. कोवळी पाने या कामाला घेऊ नयेत, कारण पानफुटीचे कोवळे पान बरेचसे सी-३ पद्धतीने वागते आणि वय वाढल्यावर कॅमकडे वळते. हाच प्रयोग आंब्याच्या किंवा जास्वंदीच्या पानावर केला तर सकाळ-संध्याकाळ असा फरक दिसत नाही.

घोळ ही भाजी याहून रंजक आहे, आणि ती खाता येत असल्याने चाखायलाही हरकत नाही. घोळ मुळात सी-४ आहे. पण पाण्याचा ताण पडला की ती त्याच पानांत कॅमही सुरू करते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की या दोन्ही पद्धती घोळीत एकाच पेशींमध्ये एकमेकींशी जोडून चालतात. परसातल्या कुंडीतली घोळ आठ-दहा दिवस न शिंपता ठेवली आणि पहाटे खुडली तर ती चांगलीच आंबट लागते. त्याच कुंडीतली दुपारनंतर खुडली तर आंबटपणा उतरलेला असतो. भाजीत आंबटपणा नको असेल तर उन्हाळ्यात घोळ दुपारनंतरच खुडावी.

सी-४ ओळखण्यासाठी भिंग लागते. नाचणीचे किंवा मक्याचे पान ब्लेडने आडवे, जमेल तितके पातळ कापून भिंगाखाली किंवा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या पेशींचे कडे दिसते आणि शिरा एकमेकींच्या अगदी जवळ असतात. भाताच्या पानात असे गडद कडे दिसत नाही. भिंग नसेल तर भर दुपारचे निरीक्षण उपयोगी पडते: एप्रिलच्या उन्हात वांग्याची पाने मान टाकतात तेव्हा शेजारचा माठ ताठ उभा असतो. हे निरीक्षण मुळांची खोली आणि मातीतली ओल यांवरही अवलंबून असते, त्यामुळे त्याला पुरावा न मानता इशारा मानावे. गाजरगवतासारखी झाडे तर सी-३ आणि सी-४ यांच्या मधल्या अवस्थेत आहेत. त्यांना कोणत्याच कप्प्यात नीट बसवता येत नाही.

वाऱ्यातले मीठ

बंदराकाठच्या घरांना खरी अडचण येते ती मिठाची. लाटा फुटताना उडणारे तुषार दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर आत येतात आणि पानांवर वाळून मिठाचा थर सोडतात. पानावरचे मीठ पाणी ओढून घेते, काही मीठ आत शिरते. पेशींत सोडियम आणि क्लोराइड साठले की रंध्रे मिटतात, हरितद्रव्य घटते आणि पान टोकाकडून व कडेने करपत येते. करपणे समुद्राकडच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी असेल तर दोष वाऱ्याचा समजावा. सगळ्या झाडाची पाने सारखीच, खालच्या जुन्या पानांपासून करपत असतील तर दोष बहुधा पाण्याचा किंवा मातीचा असतो. या दोन रोगांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ही खात्री करावी.

वाऱ्यातल्या मिठावर साधा उपाय म्हणजे गोड्या पाण्याने पाने धुणे. हे काम सकाळी लवकर करावे, म्हणजे दिवसाच्या चांगल्या वेळेत रंध्रे मोकळी राहतात. भर दुपारी ओल्या पानावर पुन्हा खारा वारा बसला तर मीठ पानाला अधिकच चिकटते. वर्षातली सर्वांत वाईट वेळ पावसाच्या तोंडाशी येते: वारा जोराचा, समुद्र खवळलेला आणि मीठ धुऊन नेणारा पाऊस अजून लागलेला नाही. त्या दिवसांत कुंड्या पश्चिमेच्या कठड्यावरून हलवून भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात, किंवा जुन्या जाळ्याचे दोन पदर कठड्याला बांधावेत. मिरकरवाड्यात जुन्या जाळ्यांना तोटा नाही, आणि बारीक आसाचे जाळे वारा अडवून तुषार गाळण्याचे काम विकतच्या हिरव्या कापडाइतके नाही तरी बऱ्यापैकी करते.

पाण्यातल्या मिठासाठी विहिरीचे पाणी जानेवारीनंतर एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचा खारेपणा उन्हाळ्यात चढतो. विद्युतवाहकता प्रति मीटर १ डेसीसायमनच्या आत असेल तर बहुतेक भाज्यांना चालते. ३च्या वर गेली तर घेवडा, मिरची यांचा नाद सोडावा. मासे धुतलेले पाणी कढीपत्त्याला घालण्याची घरोघरची सवय चांगली आहे, त्यात नत्र मिळते. मात्र ते गोड्या पाण्यात धुतलेल्या ताज्या माशांचे असावे. खारवलेल्या माशांचे किंवा बोटीतल्या बर्फाच्या पेटीतले पाणी कुंडीत ओतले तर कढीपत्ता काही आठवड्यांत पाने टाकतो, आणि मीठ एकदा कुंडीत साठले की ते बाहेर काढायला भरपूर गोडे पाणी तळातून वाहू द्यावे लागते.

समुद्राच्या बाजूला पहिल्या ओळीत उंडी, रानभेंडी, करंज आणि सुरू यांचा पडदा असावा. ही चारही सी-३ झाडे आहेत. त्यांचे बळ कार्बन पकडण्याच्या वेगळ्या पद्धतीत नसून पानाच्या बांधणीत आहे. उंडीचे पान जाड, चकचकीत आणि मेणचट असते. सुरूची हिरवी ‘पाने’ म्हणजे खरे तर बारीक फांद्या असतात. रंध्रे त्यांच्यावरच्या खाचांत दडलेली असल्याने वाऱ्याचा मारा थेट बसत नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचे बन का टिकते, ते एखादी काडी भिंगाखाली धरली की कळते. वाळूवर पसरणारी मर्यादवेल सी-३ आहे आणि तिच्या शेजारी वाळू धरून ठेवणारे टोकदार पानांचे स्पिनिफेक्स गवत सी-४ आहे. एकाच वाळूत दोन्ही पद्धती नांदतात. एखाद्या जागेवर एकच पद्धत ‘योग्य’ असते अशी समजूत कुणाची असेल तर ती या वाळूत उतरून पाहिल्यावर राहणार नाही.

नारळाचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्याच्या पर्णरंध्रांच्या उघडझापीत क्लोराइडचा मोठा वाटा असतो, त्यामुळे थोडे मीठ त्याला सोसते इतकेच नव्हे तर लागते. लागवडीच्या खड्ड्यात मीठ घालण्याची कोकणातली रीत त्यामुळे अगदीच आधाराविना नाही. तरी तेच मीठ सुपारीला किंवा जायफळाला घालू नये.

सावली आणि पावसाळी अंधार

प्रकाश मोजायला मोबाइलमधले लक्स मोजणारे ॲप अंदाजापुरते चालते. स्वच्छ दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स भरतात, साध्या ढगाळ दिवशी १० ते २० हजार, जुलैच्या मुसळधार पावसात दोन-पाच हजारांवर आणि खोलीच्या आत खिडकीपासून दूर शे-दोनशे. सी-३ पान पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच्या प्रकाशातच आपल्या कमाल वेगाला पोहोचते. त्यापुढचे ऊन त्याच्या कामाचे नसते, उलट तापदायक ठरते. सी-४ पान पूर्ण उन्हापर्यंत वेग वाढवत राहते. म्हणून मिरची, वांगी यांना एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते तीन हलकी सावली मिळाली तर नुकसान न होता फायदा होतो. माठाला, तांदुळजाला ती देऊ नये. पावसाळ्यात उलटे होते. ढगांखाली माठ लांबुळका, फिका आणि पातळ होतो, कारण त्याचा जादा ऊर्जेचा खर्च भरून निघत नाही. त्या दिवसांत परसात अळू, काकडी, पडवळ, दोडका हेच बरे.

अळूचे पान पावसाळ्यासाठीच घडवल्यासारखे आहे. पाण्याच्या थरातून कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू झिरपतो. म्हणजे पानावर पाण्याचा पडदा बसला की रंध्रे उघडी असूनही आत फारसे काही येत नाही. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि मेण असल्याने पाणी पसरत नाही, त्याचे थेंब गोळा होऊन घरंगळतात आणि पान कोरडेच राहते. अळवाच्या पानावरचे पाणी हा मराठीत अस्थिरतेचा दाखला झाला, पण अळवाला त्याचा फायदाच होतो.

रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो. या काळात उत्तरेच्या सज्जात थोडे ऊन येते, तर डिसेंबरात दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर मिळते. कुंड्यांची जागा वर्षातून दोनदा बदलावी, पण एकदम नाही. सावलीत तयार झालेले पान पातळ आणि रुंद असते, उन्हातले लहान आणि जाड. सावलीतले पान थेट उन्हात नेले तर प्रकाश वापरला न गेल्याने पानाची यंत्रणाच बिघडते आणि पांढुरके चट्टे पडतात. दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ वाढवत न्यावे. जुनी पाने बदलत नाहीत, नवी येतात ती त्या जागेजोगी येतात.

सड्यावरच्या आणि वाडीतल्या बागांना हाच नियम मोठ्या प्रमाणावर लागतो. हापूसच्या जुन्या झाडाचा आतला भाग अंधारलेला असेल तर तिथली पाने जेमतेम स्वतःपुरते कमावतात. फळे उतरल्यावर मधल्या एखाद-दोन फांद्या काढून ऊन आत सोडले तर तीच पाने कामाला लागतात. नवी पालवी तांबूस असते; त्या अवस्थेत ती साखर देत नाही, घेते. पान पक्के हिरवे व्हायला काही आठवडे जातात. पाऊस लांबून ऑक्टोबरात पालवी फुटली की मोहोर मागे पडतो याची बागायतदारांना सवय आहे.

नारळाच्या वाडीत प्रकाशाचा हिशेब वयाप्रमाणे बदलतो. साडेसात मीटर अंतरावर लावलेली रोपे आठेक वर्षांची होईपर्यंत मधल्या जागेत भरपूर ऊन येते आणि तिथे भाज्या, अननस, केळी घेता येतात. त्यानंतर पंचवीस वर्षांपर्यंत झावळ्यांची छत्री दाट असते. या काळात हळद, आले आणि सावलीवर प्रेम करणारी जायफळ, मिरी एवढेच लावावे. माड उंच गेले की प्रकाश पुन्हा तिरका आत येऊ लागतो. भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने १९५५ पासून माडावर काम केले आहे, आणि नारळात मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही रचना तिथेच पाहता येते. लागवडीआधी एक चक्कर मारावी. चार माडांच्या मधोमध जायफळ कसे बसवतात, ते पाहून जितके समजते तितके वाचून समजत नाही.

भाताच्या बाबतीत ढगांची किंमत सरळ उत्पन्नात दिसते. खरिपात पाणी असते पण फुलोऱ्याच्या आगेमागे आभाळ भरलेले असते. पाण्याची सोय असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात घेतलेल्या वायंगणी भाताला मात्र भरघोस प्रकाश मिळतो. नाचणी आणि वरी ही सी-४ पिके असूनही पावसाळ्यातच वरकस जमिनीत घेतली जातात. त्यांचा तिथला फायदा उन्हाशी कमी आणि कमी नत्रात, उथळ मातीत भागवण्याशी जास्त संबंधित आहे.

कातळ आणि खाडी

सड्याच्या कातळावर माती बोटभरही नसते. तिथल्या झाडांनी वेळ निवडली आहे. रत्नागिरीच्या कातळांवर उगवणारी दिपकाडी, भुईआमरी, रानहळद हे जमिनीतले कंद-गड्डे पावसाच्या तीन-चार महिन्यांत पाने काढून वर्षाची साखर साठवतात आणि ऑक्टोबरनंतर दिसेनासे होतात. कड्यांवरचा निवडुंग पावसाळ्यात पाने धरतो आणि उन्हाळ्यात पाने टाकून हिरव्या खोडावर भागवतो. कुंपणाच्या शेराचे तर पान सी-३ आणि खोड कॅम असते: एकाच झाडाची दोन अंगे दोन ऋतूंसाठी. गच्चीवर उथळ कुंडीत, पाणी घालायला कुणी नसताना काय टिकेल असा प्रश्न असेल तर उत्तर कातळावरच्या या मंडळींत आहे. शेराचा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून मुले वावरतात तिथे त्याऐवजी कोरफड लावावी. कॅम झाडांना पाणी संध्याकाळी द्यावे आणि पुढच्या वेळेपर्यंत माती पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यात ती छपराखाली घ्यावीत, नाहीतर मुळे कुजतात.

खाडीत तिवर, कांदळ आणि चिपी वाढतात. यांतल्या कांदळ आणि तिवर यांची मिठाशी वागण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ गाळते. तिवर आत घेते आणि पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत सकाळी भाट्याच्या खाडीकडेला तिवराच्या पानावर बोट फिरवले तर मिठाचे कण हाताला लागतात. पाणी पायाशी असूनही ते मिळवायला इतका प्रयास पडतो, की ही झाडे पाण्याच्या बाबतीत कोरडवाहू झाडासारखी काटकसर करतात आणि दुपारी रंध्रे आवळतात. शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि लीला भोसले यांनी १९७०च्या दशकात किनारी वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर मिठाचा परिणाम अभ्यासला. महाराष्ट्रात या विषयाचा पाया त्यांच्या कामाने घातला गेला. पांढरी चिपी २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली. ही झाडे तोडणे गुन्हा आहे, आणि त्यांच्या श्वसनमुळांवर भराव टाकणे तोडण्याइतकेच घातक. परसात लावायची ही झाडे नव्हेत. निरीक्षणासाठी ओहोटीच्या वेळा पाहून जावे.

पाण्याखाली

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनपैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो. बहुतेक समुद्रशेवाळे हे बायकार्बोनेट वापरू शकतात. त्यांची अडचण प्रकाशाची असते, कारण लाल किरण पहिल्या काही मीटरांतच शोषले जातात आणि खाली निळा-हिरवा प्रकाश उरतो. उघड्या खडकांवर हिरवी उल्वा, त्याखाली सरगॅसमसारखी तपकिरी आणि ओहोटीच्या रेषेजवळ किंवा कपारींच्या सावलीत लाल शेवाळे असा क्रम साधारण दिसतो. तपकिरी आणि लाल रंगद्रव्ये हिरवा-निळा प्रकाश पकडून हरितद्रव्याला पुरवतात. हा क्रम काटेकोर नसतो. भरती-ओहोटीत वाळून जाणे आणि खाणारे प्राणी यांचाही त्यात हात असतो. खडकांवरची शेवाळे पाहायला पावसाळा संपल्यावरचे चार-पाच महिने चांगले. मिरकरवाड्याच्या बोटी ज्या तारलीसाठी बाहेर पडतात तिचे पोट मुख्यतः डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांवर भरते, आणि पावसाळी वाऱ्यांनी खालचे पोषक पाणी वर आले, आभाळ उघडले, की डायटमची वाढ जोर धरते.

गोड्या पाण्यातला हायड्रिला हा घरी किंवा शाळेत करण्याजोग्या प्रयोगासाठी सर्वांत सोयीचा. जगदीशचंद्र बोस यांनी याच वनस्पतीवर काम करून १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि उन्हाळ्यातला हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळा वागतो हे त्यांच्या लक्षात आले होते. तळ्यात दाटी होऊन कार्बन डायऑक्साइड संपत आला आणि पाणी तापले, की हायड्रिला सी-४सारखी पद्धत चालू करतो, तीही शिरांभोवतीच्या कड्याशिवाय. प्रयोगासाठी एक ताजी फांदी तिरकी कापून, कापलेले टोक वर ठेवून पाण्याच्या ग्लासात बुडवावी आणि टोकातून मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजावे. आधी उन्हात, मग सावलीत, मग पुन्हा उन्हात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून. सोड्याने बायकार्बोनेट वाढते आणि बुडबुडे वाढतात; सावलीत मात्र सोडा घालूनही फारसा फरक पडत नाही, कारण तिथे अडसर प्रकाशाचा असतो. प्रत्येक बदलानंतर मोजण्याआधी पाचेक मिनिटे थांबावे, आणि ग्लास उन्हात तापू नये म्हणून तो पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावा.